एका मताचे राज्य: वकील बेयर्ड आणि १८०१ची अध्यक्षीय कोंडी

हे प्रकरण कशाचे

फेब्रुवारी १८०१मध्ये अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष कोण, हे जवळजवळ आठवडाभर डेलावेअरच्या एका तेहेतीस वर्षांच्या वकिलापाशी अडून राहिले होते. जेम्स ॲशटन बेयर्ड हे त्याचे नाव. इतिहासाच्या पुस्तकांत त्याच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते: बेयर्डने माघार घेतली आणि जेफरसन निवडून आला. त्या माघारीच्या पोटात मात्र बरेच काही आहे. पक्षाशी इमान, इवल्याशा राज्याचे हित, एका मित्राची नोकरी, मध्यस्थामार्फत आलेला तोंडी शब्द आणि त्या शब्दावरून पुढे तीस वर्षे धुमसत राहिलेला वाद.

राजकारणात शिरलेला वकील धंद्यातल्या कोणत्या सवयी बरोबर आणतो आणि कोणती नेमकी गरजेच्या वेळी विसरतो, हे या प्रकरणात फार स्पष्ट दिसते. माझे मत आधीच सांगून टाकतो. बेयर्डचा निर्णय बरोबर होता, वेळही त्याने बऱ्यापैकी साधली. पण हमी ज्या रीतीने घेतली, ती शिकाऊ, नवख्या वकिलालाही शोभली नसती.

पार्श्वभूमी: माणूस

बेयर्डचा जन्म २८ जुलै १७६७ला फिलाडेल्फियात झाला. आईवडील लहानपणीच गेले, काकांनी वाढवले. १७८४मध्ये प्रिन्स्टनचे शिक्षण संपले. त्या काळी कायदा शिकायचा म्हणजे एखाद्या नामांकित वकिलाच्या कचेरीत बसायचे, दस्तांच्या नकला करायच्या आणि मोकळ्या वेळात जाडजूड ग्रंथ वाचायचे. बेयर्ड आधी जोसेफ रीड आणि मग जेरेड इंगरसोल यांच्याकडे शिकला. १७८७मध्ये सनद मिळाली आणि त्याने डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला बस्तान बसवले.

फिलाडेल्फियात मातब्बर वकिलांची गर्दी होती. डेलावेअर म्हणजे अवघ्या तीन काउंट्यांचे राज्य, तिथे हुशार माणूस चटकन डोळ्यांत भरे. १७९५मध्ये त्याने ॲन बॅसेटशी लग्न केले. तिचे वडील रिचर्ड बॅसेट राज्यघटनेवर सही करणाऱ्यांपैकी एक, पुढे डेलावेअरचे गव्हर्नर. १७९६च्या निवडणुकीत बेयर्ड फेडरलिस्ट, म्हणजे मजबूत केंद्र सरकार हवे असणाऱ्या, पक्षातर्फे प्रतिनिधीगृहावर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) कनिष्ठ सभागृहावर, निवडून आला. डेलावेअरच्या वाट्याला त्या सभागृहात एकच जागा होती. पुढचे सगळे नाट्य या एका गोष्टीतून घडले.

सभागृहात त्याचे नाव झाले ते वकिलीमुळेच. टेनेसीचा सिनेटर विल्यम ब्लाउंट याच्यावर महाभियोग चालवायचा ठरला, तेव्हा प्रतिनिधीगृहाची बाजू मांडण्यात बेयर्ड पुढे होता. समोर ब्लाउंटच्या वकिलांत त्याचे गुरू इंगरसोल उभे! जानेवारी १७९९मध्ये सिनेटने हे प्रकरण आपल्या अधिकारात बसत नाही असे ठरवले आणि शिष्य हरला. पण इतक्या लहान वयात घटनेच्या कलमांचा असा कीस काढणारा माणूस दोन्ही पक्षांच्या नजरेत भरला होता.

पार्श्वभूमी: नियम आणि बरोबरी

मूळ घटनेनुसार प्रत्येक निर्वाचकाला, म्हणजे अध्यक्ष निवडण्यासाठी राज्याने नेमलेल्या मतदाराला, दोन मते होती आणि दोन्ही अध्यक्षपदासाठीच धरली जात. सर्वाधिक मतांचा अध्यक्ष, त्याच्या खालचा उपाध्यक्ष. पक्ष जन्माला येण्याआधीचा हा नियम. पक्ष आल्यावर त्याची पंचाईत होणारच होती. आपल्या दोन उमेदवारांत बरोबरी होऊ नये, म्हणून पक्षाच्या एका तरी निर्वाचकाने दुसरे मत भलतीकडे टाकायला हवे. फेडरलिस्टांनी ती काळजी घेतली होती. ऱ्होड आयलंडच्या एका निर्वाचकाने आपले मत जॉन जे यांना दिले, त्यामुळे त्यांचे अध्यक्षपदाचे उमेदवार, तेव्हाचे अध्यक्ष जॉन ॲडम्स ६५ आणि उपाध्यक्षपदाचे उमेदवार पिंकनी ६४ असा फरक राहिला. पण ते हरले. जिंकणाऱ्या रिपब्लिकनांत (हा जेफरसनचा पक्ष, आजचा रिपब्लिकन पक्ष नव्हे) मात्र जो तो दुसऱ्याच्या भरवशावर राहिला आणि थॉमस जेफरसन व ॲरन बर या दोघांना ७३-७३ मते पडली. बर हा उपाध्यक्षपदासाठीच उभा होता, हे शेंबड्या पोरालाही माहीत होते. कागदावर मात्र दोघे समान.

आता निवड प्रतिनिधीगृहाने करायची, तीही राज्यवार. एका राज्याला एक मत. एकूण राज्ये १६, बहुमत ९चे. १९ प्रतिनिधींच्या व्हर्जिनियाला जेवढे वजन, तेवढेच एका प्रतिनिधीच्या डेलावेअरला. १८००च्या जनगणनेत डेलावेअरची लोकसंख्या ६४,२७३ होती.

अडचण

हिशेब असा होता. आठ राज्ये जेफरसनकडे. सहा फेडरलिस्टांच्या हातात: न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, कनेक्टिकट, डेलावेअर आणि साउथ कॅरोलायना. व्हरमॉन्टचे दोन प्रतिनिधी दोन बाजूंना आणि मेरीलँडचे आठ चार-चार असे फुटलेले, म्हणून ती दोन्ही राज्ये बाद. जेफरसनला एक राज्य कमी, बरला तीन.

फेडरलिस्टांना जेफरसन नको होता. तो फ्रान्सधार्जिणा, राष्ट्रीय कर्जाचा आणि आरमाराचा वैरी, अशी त्यांची खात्री होती. बर त्यांना आवडत होता असे मुळीच नाही, पण दगडापेक्षा वीट मऊ. शिवाय जो आपल्या मतांवर निवडून येईल तो आपल्या ऋणात राहील, हा हिशेब होताच. अलेक्झांडर हॅमिल्टन मात्र स्वतः फेडरलिस्ट असूनही पत्रांमागून पत्रे लिहून आपल्या माणसांना परोपरीने विनवत होता, की बरला कसलेही तत्त्व नाही, त्याच्या नादी लागू नका. बेयर्डने त्याला आधी कळवले होते की पक्षापासून वेगळे व्हायला फार सबळ कारण लागेल, पण मी कुणाशी बांधलेलाही नाही. १६ जानेवारीला हॅमिल्टनने त्याला लांबलचक पत्र धाडले. जेफरसनच्या दोषांची यादी त्यात होतीच. त्याबरोबर असेही सुचवले होते की जेफरसनला मान्यता द्यायची झाली तर काही गोष्टींची हमी मागून घ्यावी: आर्थिक व्यवस्था, तटस्थता, आरमार आणि खालच्या पदांवरची आपली माणसे.

११ फेब्रुवारीला वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत होता. शहर कसले, खेडेच म्हणायचे. काँग्रेस तिथे येऊन तीन महिनेही झाले नव्हते, कॅपिटॉलची फक्त उत्तरेकडची बाजू उभी होती आणि सभासद खाणावळवजा घरांतून दाटीवाटीने राहत होते. मेरीलँडचा जोसेफ निकोल्सन तापाने फणफणलेला. त्याचे एक मत गेले तर मेरीलँड बरकडे झुकणार, म्हणून त्याला बिछान्यासकट बर्फातून कॅपिटॉलात आणले. शेजारच्या खोलीत तो पडून राहिला, बायको उशाशी, आणि प्रत्येक फेरीला मतपेटी त्याच्यापर्यंत नेली जाई. बाकीच्या राज्यांत सभासद आधी आपसांत चिठ्ठ्या टाकत आणि मग राज्याचा निकाल ठरे. बेयर्डला हा खटाटोप नव्हता. त्याची चिठ्ठी हाच डेलावेअरचा निकाल.

पहिली फेरी: जेफरसन ८, बर ६, दोन राज्ये फुटलेली. निकाल लागेपर्यंत दुसरे काम घ्यायचे नाही असे सभागृहाने आधीच ठरवले होते, म्हणून रात्रभर फेऱ्या चालल्या. काहींनी बसल्या जागी डुलक्या काढल्या. आकडे तसूभरही हलले नाहीत. शनिवारी १४ तारखेपर्यंत ३३ फेऱ्या झाल्या. ॲडम्सची मुदत ४ मार्चला संपत होती. पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियात मिलिशिया, म्हणजे राज्यांचे नागरिक-सैन्य, सज्ज ठेवण्याच्या हालचाली सुरू असल्याच्या बातम्या येत होत्या.

समोरचे पर्याय

एक, शेवटपर्यंत बरला धरून राहणे. त्यासाठी तीन राज्ये फोडावी लागली असती आणि बरने स्वतः हातपाय हलवायला हवे होते. बर न्यूयॉर्क राज्याच्या ऑल्बनीत बसून होता. त्याने आधी आपण जेफरसनच्या आड येणार नाही असे पत्र लिहिले, मग मूग गिळून बसला. ना स्पष्ट नकार, ना उघड होकार.

दोन, निवडच होऊ न देणे. ४ मार्च उलटू द्यायचा आणि मग सिनेटच्या हंगामी अध्यक्षाकडे कारभार सोपवायचा, किंवा कायदा करून दुसरे कुणीतरी नेमायचे. काही कडवे फेडरलिस्ट हे मनापासून बोलत होते. पक्षाच्या दृष्टीने हा सर्वांत मोहाचा आणि देशाच्या दृष्टीने सर्वांत वाईट पर्याय. राज्यघटना लागू होऊन उणीपुरी बारा वर्षे झाली होती. ती मोडली तर व्हर्जिनिया तगून राहील, मॅसॅच्युसेट्स तगून राहील. डेलावेअर राहील का? बेयर्डने नंतर ॲडम्सला लिहिलेल्या पत्रात नेमका हाच मुद्दा मांडला आहे: माझे राज्य सर्वांत लहान, स्वतःच्या रक्षणाची साधने त्याच्याकडे नाहीत, त्याचे अस्तित्व ज्या घटनेवर टिकून आहे तिला मी धोक्यात घालू शकत नव्हतो.

तीन, सरळ उठून डेलावेअरचे मत जेफरसनला देणे. नऊ राज्ये पुरी, विषय संपला. पण बदल्यात काहीच मिळणार नाही आणि पक्षात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

चार, आधी काही हमी मिळवायची आणि मग अशी वाट काढायची की जेफरसन निवडून येईल, पण फेडरलिस्टांपैकी कुणाच्याही हातून त्याला मत पडणार नाही. बेयर्ड या चौथ्या वाटेने गेला.

त्याने काय केले

पहिले पाऊल आपली माणसे जमवण्याचे. व्हरमॉन्टचा लुईस मॉरिस, मेरीलँडचे जॉर्ज बेअर आणि विल्यम क्रेक यांच्याशी त्याने आधीच ठरवून घेतले होते की वेळ आली तर सगळे मिळून हलायचे. यातल्या प्रत्येकाच्या हातात आपापल्या राज्याचा काटा होता. एकट्याने फुटलो तर फितूर, चौघे मिळून हललो तर तो निर्णय, हे त्याला चांगले कळत होते.

दुसरे पाऊल हमीचे. त्याने व्हर्जिनियाच्या जॉन निकोलस या जेफरसनच्या निकटवर्तीयाला गाठले आणि तीन गोष्टी विचारल्या. सरकारी कर्जाची पत राखली जाईल का, आरमार टिकेल का, आणि केवळ राजकीय मतांसाठी खालच्या अधिकाऱ्यांना काढून टाकणार नाही ना? निकोलस म्हणाला, मागणी रास्त आहे, जेफरसनचे विचार मला ठाऊक आहेत, मी माझ्यातर्फे सांगतो. बेयर्डने ते घेतले नाही. तुमचे मत नको, मुख्य पक्षकाराचा शब्द हवा. इथवर वकील जागा होता.

मग तो मेरीलँडच्या सॅम्युअल स्मिथकडे गेला. स्मिथ जेफरसनच्याच निवासात उतरला होता. त्याच्यापुढे बेयर्डने तेच मुद्दे ठेवले आणि अधिकाऱ्यांच्या मुद्द्याला नमुना म्हणून दोन नावे घेतली: फिलाडेल्फिया बंदराचा कलेक्टर (जकात वसूल करणारा अधिकारी) जॉर्ज लॅटिमर आणि विल्मिंग्टनचा कलेक्टर ॲलन मॅक्लेन. दुसऱ्या दिवशी स्मिथ उत्तर घेऊन आला. मी जेफरसनना भेटलो, तुमचे मुद्दे सांगितले, ते त्यांच्या विचारांशी जुळतात, आणि त्याप्रमाणे तुम्ही विश्वास ठेवायला हरकत नाही असे सांगण्याची मला मुभा आहे. बेयर्डला हे पुरेसे वाटले.

तिसरे पाऊल स्वपक्षाच्या बैठकीतले, आणि ते सर्वांत अवघड होते. आपण आता हलणार, असे त्याने सांगताच आरडाओरडा झाला. गलका प्रचंड होता आणि दूषणे जहाल, असे त्याने स्वतःच पत्रात लिहून ठेवले आहे. न्यू इंग्लंडवाल्यांनी, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांतल्या फेडरलिस्टांनी, गळ घातली, बरकडून पत्रे येऊ दे, तोवर थांब. तो थांबला. पत्रे आली, त्यांत हाती लागण्यासारखे काही नव्हते. हा विलंब माझ्या मते फुकट गेला नाही. बरवर आशा ठेवणाऱ्यांनाच बरची पत्रे वाचायला मिळाली आणि बेयर्डला वाद घालायची गरज उरली नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी. ३५वी फेरीही पहिल्यासारखीच गेली. छत्तिसाव्या फेरीला व्हरमॉन्टचा मॉरिस जागेवरून नाहीसा झाला आणि मॅथ्यू लायनच्या एकट्याच्या मताने ते राज्य जेफरसनकडे गेले. लायन म्हणजे फेडरलिस्टांनीच केलेल्या राजद्रोह कायद्याखाली तुरुंगात जाऊन आलेला माणूस. नियतीला विनोदबुद्धी असते असे म्हणायला हरकत नाही. मेरीलँडच्या चार फेडरलिस्टांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या, तेही राज्य जेफरसनला मिळाले. डेलावेअरची चिठ्ठी कोरी, साउथ कॅरोलायनाची कोरी. जेफरसन १०, बर ४. बरकडे शेवटपर्यंत राहिली ती न्यू इंग्लंडची चार राज्ये.

गणित बारकाईने पाहिले तर डेलावेअरची चिठ्ठी शेवटी निर्णायक ठरलीच नाही. व्हरमॉन्ट आणि मेरीलँडने आठाचे दहा केले. निर्णायक ठरला तो बेयर्डचा इरादा: ‘मी हलणार’ हे त्याने सांगितले म्हणून बाकीचे हलले.

परिणाम

सत्तांतर शांततेत झाले. ४ मार्चला जेफरसनने शपथ घेतली.

बेयर्डने १७ तारखेलाच विल्मिंग्टनच्या मॅक्लेनला पत्र टाकले. आशय असा: जेफरसन अध्यक्ष झाले, तुमची मी नीट काळजी घेतली आहे, जपून राहिलात तर तुम्हाला धोका नाही. डेलावेअरच्या रिपब्लिकनांनी पुढे मॅक्लेनला हटवण्यासाठी तगादा लावला, तरी तो हटला नाही. १८२९मध्ये मरेपर्यंत तो त्याच खुर्चीवर होता.

मावळत्या अध्यक्षांनी, म्हणजे ॲडम्सने, बेयर्डला फ्रान्सचा राजदूत म्हणून नेमले आणि सिनेटनेही मान्यता दिली. बेयर्डने नकार दिला. ते पद टिकायचे तर जेफरसनच्या मर्जीने टिकणार आणि मग मताची किंमत वसूल केली असेच लोक म्हणणार, हे त्याला दिसत होते. त्याच सुमारास ॲडम्सने नव्या न्यायालयीन कायद्याखाली जे न्यायाधीश नेमले, त्यांत त्याचे सासरे बॅसेट होते. पुढच्या वर्षी रिपब्लिकनांनी तो कायदाच रद्द करायला घेतला, तेव्हा विरोधाची धुरा बेयर्डने वाहिली. भाषणे उत्तम झाली, कायदा मार्च १८०२मध्ये रद्द झालाच आणि सासऱ्यांचे पद गेले.

१८०२च्या निवडणुकीत तो सीझर ए. रॉडनीकडून अवघ्या १५ मतांनी हरला. नंतर सिनेटवर गेला, १८१३पर्यंत तिथे राहिला. ब्रिटनविरुद्धच्या १८१२च्या युद्धाला त्याने विरोध केला, तरी अध्यक्ष मॅडिसनने त्याला तहाच्या बोलण्यांसाठी युरोपात धाडले. २४ डिसेंबर १८१४च्या घेंटच्या तहावर त्याची सही आहे. तिकडेच तब्येत ढासळली. घरी पोचून आठवडाही झाला नसेल, ६ ऑगस्ट १८१५ला तो विल्मिंग्टनमध्ये वारला.

खरा परिणाम मात्र कागदोपत्री उलगडत गेला. १८०६मध्ये एका पैजेवरून उभ्या राहिलेल्या खटल्यात बेयर्डची जबानी झाली. निकोलसशी काय बोलणे झाले, स्मिथ काय निरोप घेऊन आला, सगळे त्याने शपथेवर सांगितले. त्याच महिन्यात स्मिथचीही जबानी झाली आणि त्यातून वेगळेच चित्र निघाले. स्मिथच्या म्हणण्याप्रमाणे तो जेफरसनशी सहज बोलता बोलता या विषयांवर आला होता. आपण कशासाठी विचारतो आहोत याची जेफरसनला सुतराम कल्पना नव्हती. जेफरसनने आपल्या खासगी टिपणांत लिहून ठेवले की बेयर्डचे म्हणणे धादांत खोटे आहे. निवडणूक चालू असतानाही त्याने व्हर्जिनियाचा गव्हर्नर जेम्स मन्रो याला कळवले होते की अटी घालून दिलेली सत्ता मी घेणार नाही, हे मी सगळ्यांना स्वच्छ सांगितले आहे.

तिघेही खरे बोलत असण्याची शक्यता आहे, हीच या प्रकरणातली गंमत. जेफरसनने अटी मान्य केल्या नाहीत, नुसती मते सांगितली. स्मिथने ती मते उचलून बेयर्डसमोर शब्द म्हणून ठेवली. बेयर्डने तो शब्द समजून घेतला.

जेफरसनच्या मृत्यूनंतर, १८२९मध्ये, ती टिपणे छापून आली. त्यांत आणखी एक नोंद होती: एडवर्ड लिव्हिंग्स्टनने सांगितले की बेयर्डने स्मिथला बरकडे वळण्यासाठी आरमार खात्याचे मंत्रिपद देऊ केले. बेयर्डला जाऊन पंधरा वर्षे होत आली होती. पण स्मिथ आणि लिव्हिंग्स्टन दोघेही तेव्हा सिनेटमध्ये होते. डेलावेअरच्या जॉन क्लेटनने १८३०मध्ये भर सभागृहात तो उतारा वाचून दोघांना विचारले, असे काही घडले होते का? दोघांनीही असे काही आठवत नाही म्हणून सांगितले. बेयर्डच्या मुलांनी वडिलांची बाजू मांडणारी कागदपत्रे छापली.

नियम बदलला तो १८०४च्या बाराव्या घटनादुरुस्तीने. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांची मते वेगळी झाली. राज्याला एक मत ही तरतूद मात्र तशीच राहिली. १८२५मध्ये निवड पुन्हा प्रतिनिधीगृहात आली, तेव्हा डेलावेअरचे एकमेव मत होते लुईस मॅक्लेनकडे. कलेक्टर मॅक्लेनचा तो मुलगा, आणि कायदा शिकला होता बेयर्डच्या कचेरीत.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळे काय करता आले असते

पहिली जागा वेळेची. हॅमिल्टनचे पत्र जानेवारीत हातात होते, मग ३५ फेऱ्या कशाला? पहिल्याच फेरीत डेलावेअर हलले असते तर मिलिशियापर्यंत बोलणी गेलीच नसती. पण पहिल्या दिवशी एकटा बेयर्ड फुटला असता, पक्ष जागचा हलला नसता आणि निवड लबाडीने झाली असे न्यू इंग्लंड कायम म्हणत राहिले असते. पहिली रात्र उलटल्यावर मात्र आकडे गोठले आहेत हे सर्वांना दिसले होते. शुक्रवारीच बोलणी सुरू करता आली असती. बेयर्डने नंतर हॅमिल्टनला लिहिले की बरने मनावर घेतले असते तर एका ठोंब्याला फसवून आणि दोन विकाऊ माणसांना मोह घालून तो जिंकू शकला असता. हे वाचल्यावर वाटते, बर काहीतरी करील ही आशा, किंवा धास्ती, स्वतः बेयर्डलाही बरेच दिवस सुटली नव्हती.

दुसरी जागा हमीची, आणि माझ्या मते खरी चूक इथेच झाली. निकोलसला त्याने बरोबर अडवले: मत नको, मुख्य माणसाचा शब्द हवा. चोवीस तासांत स्मिथने तेच मत शब्दाचे कपडे घालून आणले आणि बेयर्डने ते स्वीकारले. एक प्रश्न विचारायचा राहून गेला: ‘मी विचारायला सांगितले आहे, हे तू त्यांना सांगितलेस का?’ उलटतपासणीत साक्षीदाराला जो पहिला प्रश्न विचारतात, तोच. स्मिथचे उत्तर ‘नाही’ असते तर हातात काहीच नाही हे लगेच कळले असते.

लेखी हमी मागायला हवी होती, असे कुणी म्हणेल. ते व्यवहार्य नव्हते. जेफरसनने सही केली असती तर त्याच्याच पक्षाने त्याला फाडून खाल्ले असते, आणि न केली तर बेयर्डला माघारीची वाट उरली नसती. पण स्मिथशी बोलताना बेअर किंवा क्रेकला सोबत बसवता आले असते. स्मिथचे नेमके शब्द त्याच रात्री टिपून ठेवता आले असते. त्या दिवसाचे जे पत्र मागे राहिले ते मॅक्लेनला लिहिलेले, आणि त्यात आरमार नाही, कर्ज नाही, फक्त नोकरी आहे.

यातूनच तिसरी जागा येते. अधिकाऱ्यांना मतांसाठी काढू नये हे तत्त्व होते आणि तत्त्व पारखायला नाव लागते, हा बेयर्डचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. लॅटिमरचे नाव त्याला पुरले असते. स्वतःच्या गावच्या, स्वतःच्या माणसाचे नाव घातले की तत्त्वाची शिफारस होते. फ्रान्सचे पद नाकारताना लोक काय म्हणतील याची ज्याला इतकी जाण होती, त्याला मॅक्लेनचे नाव घेताना ती का झाली नाही, हे मला अजून उमगलेले नाही. त्या नकाराचे पुण्यही त्याला पुरते लाभले नाही, कारण त्याच दिवसांत सासरे न्यायाधीश झाले. ती नेमणूक थांबवणे त्याच्या हातात होते असे म्हणता येत नाही, पण वर्षभराने त्याच न्यायालयांच्या बचावाला उभे राहताना ‘या कायद्यात माझ्या घरचा माणूस आहे’ हे विरोधकांनी म्हणण्याआधी स्वतः म्हणून टाकणे शहाणपणाचे होते.

चौथी जागा कोऱ्या चिठ्ठीची. तिच्यामुळे फेडरलिस्टांची लाज राखली गेली आणि काम झाले, म्हणून बहुतेक जण तिला चतुराई म्हणतात. मला तिच्यात ताकाला जाऊन भांडे लपवणे दिसते. ज्याने कोंडी फोडली त्याच्या राज्याच्या नावापुढे निकालपत्रात काहीच लिहिलेले नाही. न्यू इंग्लंडच्या लेखी तो पक्ष सोडून गेलेला राहिला, आणि रिपब्लिकनांवर त्याचे काही देणे लागले नाही. डेलावेअरचे मत उघडपणे जेफरसनला दिले असते तर व्हरमॉन्ट-मेरीलँडला लपवाछपवी करावीच लागली नसती, आणि घटना वाचवण्यासाठी मी हे केले असे विल्मिंग्टनच्या मतदारांना मान वर करून सांगता आले असते. ॲडम्सला लिहिलेले ते पत्र त्याने भाषण म्हणून सभागृहात वाचले असते तरी चालले असते. प्रत्यक्षात झाले असे की १८०२मध्ये त्याच्याविरुद्ध उभे राहण्यासाठी रॉडनीला गळ घालणाऱ्यांत खुद्द जेफरसन होता.